स्टेटिव्ह आणि डायनॅमिक व्हर्ब: 'मला' आणि 'मी' वरून कसं ओळखायचं

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' 'सॉरी, आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.' 'आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स.' ही वाक्यं आपल्याकडे इंटरव्ह्यूत, मीटिंगमध्ये, कस्टमर केअरच्या फोनवर रोज ऐकू येतात आणि समोरच्याला अर्थ शंभर टक्के कळतो, त्यामुळे कुणी टोकत नाही. पण स्पर्धा परीक्षेतल्या चूक शोधा टाइप प्रश्नांमध्ये किंवा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या रायटिंगमध्ये इथेच मार्क जातात. परदेशातल्या क्लायंटला मेल लिहितानाही वाक्य नेमकं इथेच अडखळतं.

शाळेत आपल्याला एक यादी दिली जाते, नो, वॉन्ट, लाइक, बिलीव्ह, ओन, बिलॉन्ग वगैरे वगैरे, आणि सांगतात की यांना आयएनजी लागत नाही, पाठ करा. पाठ केलेली यादी टिकते आठवडाभर. मग कुठेतरी 'वुई आर हॅविंग लंच' वाचायला मिळतं आणि सगळाच गोंधळ, अरे हॅवला तर आयएनजी लागत नव्हतं ना? माझं ठाम मत असं की मराठी माणसाने यादीपासून सुरुवात करूच नये, कारण स्टेटिव्ह आणि डायनॅमिक, म्हणजे स्थिती आणि क्रिया, हा फरक आपल्या भाषेत आधीपासून आहे आणि आपण तो दिवसभर न चुकता वापरतो. तो ओळखून इंग्रजीला कसा लावायचा ते एकेक पायरी घेऊन बघू.

पहिली पायरी: स्थिती आणि क्रिया

स्टेटिव्ह व्हर्ब म्हणजे स्थिती सांगणारं क्रियापद. माहीत असणं, मालकीचं असणं, आवडणं, पाहिजे असणं, सारखं दिसणं. यात कुणी काही 'करत' नसतं, ते तसं 'असतं'. डायनॅमिक व्हर्ब म्हणजे काहीतरी घडतंय, कुणीतरी काहीतरी करतंय. धावणं, लिहिणं, भाजी चिरणं, पाऊस पडणं.

हे तपासायला एक सोपा प्रश्न मी नेहमी सुचवते: माणूस गाढ झोपलाय असं समजा, तरी ते वाक्य खरं राहतं का? झोपलेल्या माणसाला मराठी येत असतं, त्याचं नाशिकचं घर त्याच्याच नावावर असतं, त्याला आंबा आवडत असतो, वजन ७० किलोच असतं, तो वडिलांसारखाच दिसत असतो. म्हणजे नो, ओन, लाइक, वे, रिझेम्बल हे सगळे स्टेटिव्ह. पण झोपलेला माणूस पत्र लिहीत नसतो, गाडी चालवत नसतो. ते डायनॅमिक. आता घोरणं आणि श्वास घेणं झोपेतही चालू असतं तरी त्या क्रियाच आहेत, आणि ऐकू येणं झोपेत फारसं जाणवत नाही तरी ते स्टेटिव्ह आहे, त्यामुळे हा प्रश्न एकटा पुरत नाही हे खरं. पण सुरुवातीला डोक्यात चित्र बसायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

आता कंटिन्युअस टेन्स काय सांगतो ते बघा. आत्ता चालू आहे, मध्यावर आहे, कधीतरी सुरू झालं आणि कधीतरी संपेल. 'शी इज रायटिंग अ लेटर' म्हणजे पत्र अर्धं झालंय. स्थितीला असा मध्य नसतो. नाशिकचं घर 'अर्धं मालकीचं होत आलंय' असं आपण म्हणत नाही, म्हणून 'ही इज ओनिंग अ हाऊस' कानाला विचित्र लागतं. नियम कुणी वरून लादलेला नाहीये, अर्थच जुळत नाही.

दुसरी पायरी: साध्या वर्तमानकाळाचे दोन अर्थ

हा भाग बरेच जण गाळतात आणि माझ्या मते निम्मा गोंधळ यामुळेच होतो. 'आय रीड द न्यूजपेपर' याचा अर्थ मी आत्ता पेपर वाचतोय असा होत नाही. मी पेपर वाचत असतो, सवय आहे, असा होतो. आत्ता हातात पेपर असेल तर 'आय ॲम रीडिंग' म्हणावंच लागतं. म्हणजे डायनॅमिक व्हर्ब साध्या वर्तमानकाळात टाकलं की ते सवयीवर किंवा नेहमीच्या गोष्टीवर जातं.

स्टेटिव्हचं तसं नाही. 'आय नो द आन्सर' म्हणजे मला उत्तर आत्ता, या क्षणी माहीत आहे. 'आय वॉन्ट वॉटर' म्हणजे आत्ता पाणी हवंय. इथे 'आत्ता' सांगायला वेगळं काही लावायची गरजच पडत नाही, साधा वर्तमानकाळच ते काम करतो. आपल्याला शाळेत शिकवतात की आत्ताचं असेल तर ॲम, इज, आर आणि आयएनजी, आणि मुलं तो नियम प्रामाणिकपणे पाळून 'आय ॲम वॉन्टिंग वॉटर' म्हणतात. मुलांची चूक नाही, नियमच अर्धा सांगितलेला असतो. पूर्ण नियम असा: आत्ताची क्रिया असेल तर आयएनजी, आत्ताची स्थिती असेल तर साधा वर्तमानकाळ.

तिसरी पायरी: आपलीच मराठी आपल्याला कुठे फसवते

मराठीत स्थितीची क्रियापदंही चालू रूपात आरामात येतात. मला कळतंय, मला दिसतंय, मला आठवतंय, मला वाटतंय, मला ऐकू येतंय. यात काहीच चुकीचं नाही, उत्तम मराठी आहे. पण डोक्यात 'तंय' ऐकू आलं की हात आपोआप आयएनजीकडे जातो. कळतंय म्हणजे 'अंडरस्टँडिंग', दिसतंय म्हणजे 'सीइंग'. इंग्रजीत ही दोन्ही साध्या वर्तमानकाळात जातात, 'आय अंडरस्टँड', 'आय सी', किंवा त्याहून नैसर्गिक म्हणजे 'आय कॅन सी'.

दुसरी फसवणूक 'आहे' ची. मला मान्य आहे, मला माहीत आहे, ते पावसावर अवलंबून आहे. शेवटी 'आहे' दिसलं की आपण ॲम किंवा इज घालतोच, आणि मग 'आय ॲम अग्री', 'इट इज डिपेंड ऑन रेन' अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजीत तो 'आहे' क्रियापदाच्या पोटातच असतो. 'आय अग्री.' 'इट डिपेंड्स ऑन द रेन.' संपलं. अग्री आणि डिपेंड या दोघांच्या मागे ॲम किंवा इज आलं की थांबायचं, एवढी एक सवय लावली तरी ऑफिसच्या मेलमध्ये लगेच फरक दिसतो.

चौथी पायरी: 'मला' की 'मी'

आता मुख्य गोष्ट. मराठीत काहीतरी मुद्दाम केलं तर कर्ता 'मी' असतो आणि काहीतरी आपल्या बाबतीत नुसतं असलं, जाणवलं, अनुभवाला आलं तर 'मला' येतं, किंवा 'माझ्याकडे', 'माझा', 'माझी' असं काहीतरी. मला माहीत आहे, मला हवंय, मला आवडतं, मला वाटतं, मला पटतं, मला आठवतं, मला समजतं, मला शंका आहे, मला गरज आहे, माझ्याकडे गाडी आहे, मला दोन भाऊ आहेत, माझा विश्वास आहे. आता यांची इंग्रजी क्रियापदं एकाखाली एक लिहून काढा: नो, वॉन्ट, लाइक, थिंक, अग्री, रिमेंबर, अंडरस्टँड, डाउट, नीड, हॅव, हॅव, बिलीव्ह. शाळेत जी यादी पाठ करायला दिली होती तीच ही, आणि आपण ती मराठी बोलता बोलता काढली.

खरी मजा पुढे आहे, जिथे इंग्रजीत शब्द एकच आणि मराठीत दोन वेगळे. स्वयंपाकघरात या. आई पळीत थोडी आमटी घेऊन फुंकर मारून जिभेवर ठेवते, ती चव 'बघतेय'. हे ती मुद्दाम करतेय, म्हणून 'शी इज टेस्टिंग द आमटी'. मग ती म्हणते, खारट 'लागतेय'. आमटी काही करत नाहीये, ती तशी आहे, म्हणून 'इट टेस्ट्स सॉल्टी'. 'इट इज टेस्टिंग सॉल्टी' नाही. मराठीत 'बघतेय' आणि 'लागतेय' दोन्हीला 'तेय' आहे पण आपल्याला त्यातला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही.

वासाचं तसंच. गॅसचा वास येतोय, हे मी करत नाहीये, माझ्या नाकाला ते जाणवतंय, मराठीत 'मला वास येतोय', म्हणून 'आय कॅन स्मेल गॅस'. पण सिलिंडरच्या रेग्युलेटरजवळ वाकून मी वास 'घेतोय', तेव्हा 'आय ॲम स्मेलिंग द रेग्युलेटर'. वास येणं स्टेटिव्ह, वास घेणं डायनॅमिक. बघणं आणि दिसणं, ऐकणं आणि ऐकू येणं यांना तर इंग्रजीने शब्दच वेगळे ठेवलेत. मी बघतोय म्हणजे 'आय ॲम लुकिंग' किंवा 'वॉचिंग', मला दिसतंय म्हणजे 'आय कॅन सी'. मी ऐकतोय म्हणजे 'आय ॲम लिसनिंग', मला ऐकू येतंय म्हणजे 'आय कॅन हिअर'. ऑनलाइन मीटिंगमध्ये 'आर यू हिअरिंग मी' विचारायचा मोह होतो कारण मनात 'आवाज येतोय का' असतं. बरोबर वाक्य 'कॅन यू हिअर मी', आणि उत्तर 'येस, आय कॅन हिअर यू'. स्क्रीन शेअर केल्यावरही तेच, 'आर यू सीइंग माय स्क्रीन' ऐवजी 'कॅन यू सी माय स्क्रीन'. हे 'कॅन' वालं रूप इंद्रियांच्या क्रियापदांसाठी इंग्रजीची रोजची पद्धत आहे, आणि आपल्या 'तंय' ला ते जवळजवळ बरोब्बर बसतं.

थिंकचंही तेच. मला वाटतं तो येईल, 'आय थिंक ही विल कम'. मी विचार करतोय, 'आय ॲम थिंकिंग'. स्कूटर घ्यायचा विचार चाललाय, 'आय ॲम थिंकिंग ऑफ बायिंग अ स्कूटर'. मनात 'वाटतं' आलं तर साधा वर्तमानकाळ, 'विचार' आला आणि तो चालू असला तर आयएनजी. 'व्हॉट डू यू थिंक' म्हणजे तुला काय वाटतं आणि 'व्हॉट आर यू थिंकिंग' म्हणजे तू कसला विचार करतोयस. दोन पूर्ण वेगळे प्रश्न, आणि इंटरव्ह्यूत मत विचारायचं असताना दुसरा विचारला तर समोरचा गोंधळतो.

पाचवी पायरी: ही युक्ती कुठे चालत नाही

चालत नाही अशा जागा आहेत आणि त्या माहीत असायला हव्यात, नाहीतर युक्तीवर आंधळा भरवसा बसतो.

एक तर शरीराच्या क्रिया. मला शिंका येतायत, मला घाम येतोय, मला खोकला येतोय, इथे 'मला' असलं तरी इंग्रजीत 'आय ॲम स्नीझिंग', 'स्वेटिंग', 'कफिंग'. शरीरात खरोखर काहीतरी घडतंय ना. तसंच मला कंटाळा येतोय, मला उशीर होतोय, इथे स्थिती हळूहळू बदलतेय, म्हणून 'आय ॲम गेटिंग बोअर्ड', 'आय ॲम रनिंग लेट'. पण मला ताप आहे, मला भूक लागलीय, इथे युक्ती परत चालते: 'आय हॅव अ फीवर', 'आय ॲम हंग्री'. 'आय ॲम हॅविंग फीवर' नाही.

उलट्या बाजूने, काही ठिकाणी मराठीत 'मी' येतो तरी इंग्रजीत स्टेटिव्ह. मी त्याला ओळखतो, 'आय नो हिम'. मी देव मानतो, 'आय बिलीव्ह इन गॉड'. मी तिच्यावर प्रेम करतो, 'आय लव्ह हर'. ही चार-दोन वेगळी लक्षात ठेवायची, यांना पर्याय नाही.

आणि वस्तूंबद्दलच्या वाक्यात तर 'मी' आणि 'मला' चा प्रश्नच येत नाही. तिथे एवढंच विचारायचं की काही घडतंय का. डब्यात साखर आहे, 'द बॉक्स कंटेन्स शुगर'. तिकीट ५० रुपये पडतं, 'द टिकेट कॉस्ट्स फिफ्टी रुपीज'. ही बॅग माझी आहे, 'धिस बॅग बिलॉन्ग्ज टू मी'. गेटवे ऑफ इंडिया अपोलो बंदरला उभा आहे, १९२४ साली बांधून पूर्ण झाला तेव्हापासून तिथेच आहे, म्हणून 'इट स्टँड्स ॲट अपोलो बंदर'. त्याच्यासमोर फोटो काढायला थांबलेला माणूस मात्र 'इज स्टँडिंग देअर', कारण तो पाच मिनिटांत निघणार आहे. एकच स्टँड, कायमचं असेल तर साधा काळ, तात्पुरतं असेल तर आयएनजी.

सहावी पायरी: इंग्रजीतल्या इंग्रजीत तपासणी

मराठीवरून अंदाज बांधला की तो पक्का करायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली, 'व्हॉट ही डिड वॉज' पुढे ते क्रियापद लावून बघायचं. 'व्हॉट ही डिड वॉज लर्न द आन्सर' चालतं. 'व्हॉट ही डिड वॉज नो द आन्सर' चालत नाही. त्याने काय केलं, तर त्याला माहीत होतं, हे मराठीतही हास्यास्पदच वाटतं. त्यामुळे लर्न डायनॅमिक, नो स्टेटिव्ह.

दुसरी, आज्ञा देऊन बघायची. 'ओपन द डोअर', 'लिसन टू मी' ठीक. 'ओन अ हाऊस', 'रिझेम्बल युवर फादर' अशी आज्ञा कोण देणार? मग कुणीतरी विचारतं की बँकेत केवायसी करतात त्याचं काय, 'नो युवर कस्टमर' ही तर आज्ञाच झाली. खरंय, पण तिथे नो चा अर्थ 'माहिती काढून ठेवा' असा झालाय, आधार-पॅन घ्या, पत्ता तपासा, म्हणजे ती एक करायची गोष्ट झाली. स्टेटिव्ह व्हर्ब आज्ञेत आलं की ते असं क्रियेकडे झुकतं. हे उदाहरण अपवाद म्हणून सोडून देऊ नका, पुढच्या पायरीचा सगळा गाभा यातच आहे.

सातवी पायरी: दोन्हीकडे चालणारी क्रियापदं

स्टेटिव्ह असणं हा शब्दाला चिकटलेला शिक्का नाही, तो त्या वाक्यातल्या अर्थाचा गुण आहे. एवढं कळलं की 'हॅव' ची भीती जाते, आणि हॅववर जरा जास्त वेळ घालवू कारण आपल्याकडच्या बहुतेक चुका त्याच्याच आहेत.

हॅव म्हणजे 'असणं' असेल तर आयएनजी नाही. 'आय हॅव टू ब्रदर्स', 'शी हॅज अ कार', 'आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स', 'आय हॅव अ क्वेश्चन'. नाती, मालकी, अनुभव, आजार, शंका, सगळं इथे. इंटरव्ह्यूत 'आय ॲम हॅविंग थ्री इयर्स एक्स्पिरियन्स' हे वाक्य इतकं रूढ झालंय की बरोबर वाक्यच चुकीचं वाटायला लागतं.

हॅव म्हणजे जेवणं, घेणं, करणं, अनुभवणं, भोगणं असेल तर आयएनजी बिनधास्त. 'वुई आर हॅविंग लंच' म्हणजे जेवण चाललंय. 'दे आर हॅविंग अ मीटिंग' म्हणजे मीटिंग चालू आहे. 'ही इज हॅविंग अ बाथ' म्हणजे आंघोळ करतोय. 'आय ॲम हॅविंग ट्रबल विथ माय लॅपटॉप' म्हणजे लॅपटॉप सध्या त्रास देतोय, हेसुद्धा एकदम बरोबर आहे. ताप ही स्थिती, म्हणून 'ही हॅज अ फीवर', पण हार्ट अटॅक ही घडणारी घटना, म्हणून 'ही इज हॅविंग अ हार्ट अटॅक'. आणि हे एक नीट लक्षात ठेवा: 'शी हॅज अ बेबी' म्हणजे तिला बाळ आहे, 'शी इज हॅविंग अ बेबी' म्हणजे ती गरोदर आहे, बाळ व्हायचंय. इथे चूक केली तर व्याकरणाचा प्रश्न राहत नाही, बातमीच बदलते.

बी, म्हणजे ॲम, इज, आर, हे तर स्थितीचं मूळ क्रियापद. तरी 'ही इज बीइंग रूड' बरोबर आहे. 'ही इज रूड' म्हणजे तो माणूसच उद्धट आहे, स्वभावच तसा. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे एरवी बरा असतो पण आत्ता उद्धटपणा करतोय. आपलं 'आहे' आणि 'वागतोय' यातलं अंतर आहे हे. म्हणूनच 'ही इज बीइंग टॉल' असं होऊ शकत नाही, उंचपणा कुणी मुद्दाम वागू शकत नाही. विशेषण वागण्याबद्दलचं असेल, पोलाइट, सिली, केअरफुल, सेल्फिश, तरच बीइंग लावायचं.

बाकीची पटापट. वे: 'द बॅग वेज टेन किलोज', पण भाजीवाला टोमॅटो काट्यावर टाकतोय तेव्हा 'ही इज वेइंग द टोमॅटोज'. सी: 'आय सी युवर पॉइंट' म्हणजे मुद्दा कळला, 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमारो' म्हणजे उद्या डॉक्टरांना भेटायचंय. मात्र 'दे आर सीइंग ईच अदर' चा अर्थ त्यांचं प्रेमप्रकरण चालू आहे असा होतो, ते जपून वापरा. फील: 'आय फील ही इज राइट' हे मत, 'द डॉक्टर इज फीलिंग हर पल्स' ही क्रिया. फक्त तब्येतीबद्दल बोलताना 'आय फील बेटर' आणि 'आय ॲम फीलिंग बेटर' दोन्ही चालतात आणि फारसा फरक नाही, तिथे डोकं शिणवू नका. लुक चंही तसंच, 'यू लुक टायर्ड' काय आणि 'यू आर लुकिंग टायर्ड' काय.

आठवी पायरी: 'दहा वर्षांपासून'

मी त्याला दहा वर्षांपासून ओळखतो. यात तीन चुका एकदम होतात, 'आय ॲम नोइंग हिम सिन्स टेन इयर्स'. एकेक सोडवू. नो स्टेटिव्ह, म्हणून नोइंग जातं. मागे सुरू होऊन आजही चालू आहे, म्हणून नुसतं 'आय नो' पुरत नाही, हॅव लागतं: 'आय हॅव नोन हिम'. आणि दहा वर्षं हा कालावधी आहे, सुरुवातीचा बिंदू नाही, म्हणून सिन्स ऐवजी फॉर: 'आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स'. साल सांगायचं असेल तर सिन्स: 'सिन्स २०१५'.

डायनॅमिक असतं तर 'हॅव बीन' आणि आयएनजी आलं असतं, 'आय हॅव बीन टीचिंग फॉर टेन इयर्स'. स्टेटिव्हला 'हॅव बीन' चं हे रूप लागत नाही. म्हणून 'आय हॅव बीन हॅविंग धिस बाइक सिन्स २०१९' च्या जागी 'आय हॅव हॅड धिस बाइक सिन्स २०१९'. 'हॅव हॅड' सुरुवातीला टायपिंगची चूक वाटते, पण तेच बरोबर आहे.

नववी पायरी: आयएनजीवर सरसकट बंदी नाही

बंदी फक्त कंटिन्युअस टेन्सवर आहे, म्हणजे ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीन यांच्या जोडीला येणाऱ्या आयएनजीवर. बाकी ठिकाणी नोइंग, हॅविंग, वॉन्टिंग सगळं चालतं. 'नॉट नोइंग द वे, वुई टुक अ रिक्षा', रस्ता माहीत नसल्यामुळे आम्ही रिक्षा केली, एकदम शुद्ध. 'सीइंग इज बिलीविंग' ही म्हण घ्या, सी आणि बिलीव्ह दोन्ही स्टेटिव्ह, दोन्हीला आयएनजी, पण इथे ती नामं झालीत, बघणं म्हणजे विश्वास बसणं. आयएनजी दिसलं की घाबरून लाल रेघ ओढणाऱ्यांनी आधी त्याच्यामागे ॲम किंवा इज खरंच टेन्स बनवण्यासाठी आलंय का ते बघावं.

मग 'आयम लव्हिन इट' चं काय?

मॅकडोनाल्ड्सची ही ओळ २००३ पासून जगभर आहे, आणि कुठल्याही क्लासात हा प्रश्न येतोच. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोकही काही स्टेटिव्ह व्हर्बना आयएनजी लावतात, पण उगाच नाही, त्यातून जास्तीचा अर्थ काढतात. एक म्हणजे 'आत्ता, या क्षणी मजा येतेय' असा ताजेपणा: 'आर यू लाइकिंग युवर न्यू जॉब?' दुसरं, हळूहळू वाढत जाणारी गोष्ट: 'ही इज रिझेम्बलिंग हिज फादर मोअर अँड मोअर', दिवसेंदिवस बापासारखा दिसायला लागलाय. 'दिवसेंदिवस' आलं की स्थितीला हालचाल येते आणि आयएनजी शोभतं. तिसरं, नम्रपणा: 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड हेल्प मी', 'वुई आर होपिंग टू हिअर फ्रॉम यू'. मेलमध्ये हे तिसरं फार उपयोगी, खुशाल वापरा. लव्हिंग आणि लाइकिंग गप्पांमध्ये ठीक, परीक्षेच्या पेपरात टाळा. नोइंग, ओनिंग, बिलॉन्गिंग हे मात्र टेन्समध्ये तेसुद्धा वापरत नाहीत, त्यामुळे जाहिरातीचा दाखला देऊन त्यांना आत घेऊ नका.

आणखी एक गट, ज्याबद्दल कुणी सांगत नाही

झेनो वेंडलर नावाच्या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये एका निबंधात क्रियापदांचे दोन नाही तर चार गट पाडले होते. स्थिती, नुसती चालत राहणारी क्रिया, शेवटाकडे जाणारी क्रिया, आणि क्षणात घडून जाणारी गोष्ट. पहिल्या तिघांबद्दल आपलं बोलून झालंय, 'रन' आणि 'बिल्ड अ हाऊस' दोन्ही आपल्यासाठी डायनॅमिकच. चौथा गट उपयोगाचा आहे. रेकग्नाइझ, नोटिस, रिअलाइझ, अराइव्ह, रीच, विन. या स्थिती नाहीत, पण इतक्या झटक्यात होतात की 'मध्यावर' असायला जागाच नसते. म्हणून 'आय ॲम नॉट रेकग्नायझिंग यू' चुकीचं वाटतं, 'आय डोन्ट रेकग्नाइझ यू' म्हणायचं. आणि अराइव्हसारख्यांना आयएनजी लावलं तर अर्थ 'आता होतच आलंय' असा होतो. स्टेशनवर 'द ट्रेन इज अरायव्हिंग' म्हणतात तेव्हा गाडी अजून फलाटाला लागलेली नसते. आपण पोचतोच आहे म्हणतो ना, तेच.

आता स्वतः करून बघा

खालची वाक्यं आधी इंग्रजीत करा, मग पुढे वाचा. घाई करू नका, प्रत्येकाला आधी 'मी' की 'मला', मग 'असणं' की 'घडणं' हे विचारा.

तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. या दुधाला वास येतोय. ती फुलांचा वास घेतेय. आज तू फारच समजूतदारपणे वागतोयस. हे घर आमच्याकडे १९८० पासून आहे. मला मान्य नाही. आम्ही गोव्याला जायचा विचार करतोय. मला इथलं हवामान दिवसेंदिवस आवडायला लागलंय.

पहिलं, 'आय अंडरस्टँड व्हॉट यू आर सेइंग'. एकाच वाक्यात दोन्ही आलेत बघा, कळणं स्थिती म्हणून साधं, म्हणणं क्रिया म्हणून आयएनजी. दुसरं, 'धिस मिल्क स्मेल्स', दूध काही करत नाहीये. तिसरं, 'शी इज स्मेलिंग द फ्लॉवर्स'. चौथं, 'यू आर बीइंग व्हेरी सेन्सिबल टुडे'. पाचवं, 'वुई हॅव हॅड धिस हाऊस सिन्स १९८०', 'ओन्ड' घातलं तरी चालेल. सहावं, 'आय डोन्ट अग्री', आणि 'आय ॲम नॉट अग्री' लिहिलं असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा. सातवं, 'वुई आर थिंकिंग ऑफ गोइंग टू गोवा'. आठव्यात 'आय लाइक द वेदर हिअर' लिहिलं तर व्याकरण बरोबर, पण 'दिवसेंदिवस' कुठेच दिसत नाही. 'आय ॲम लाइकिंग द वेदर हिअर मोअर अँड मोअर' बोलताना छान, आणि परीक्षेत धोका नको असेल तर 'आय ॲम बिगिनिंग टू लाइक द वेदर हिअर' लिहा. आयएनजी बिगिनला गेलं, जी खरोखर घडणारी गोष्ट आहे, आणि लाइक आपल्या जागी साधं राहिलं.